गुडघेदुखीसाठी रोझहिप: पावडर, गोळ्या की चहा?

अबोली_के:
नमस्कार मंडळी. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम, वजनावर लक्ष आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल असं सांगितलंय. ऑपरेशनचा विषय अजून निघालेला नाही.

माझी नणंद स्वीडनमध्ये माल्मोला असते. तिने रानगुलाबाच्या फळांची लालसर पावडर पाठवली. या फळाला इंग्रजीत रोझहिप आणि तिकडे न्यूपॉन म्हणतात. लोक पावडर दह्यात कालवून खातात, सांध्यांना चांगली म्हणे. हे शेजारच्या काकूंच्या कानावर गेलं. त्यांनी लगेच ऑनलाइन 'व्हिटॅमिन सी विथ रोझहिप्स' अशा गोळ्या मागवून एक बाटली सासूबाईंच्या हातात ठेवली. आता सासूबाई म्हणतात, "दोन्ही घेते, नैसर्गिकच आहे ना!"

याचा खरंच उपयोग होतो का? दोन्ही एकत्र चालेल का? त्यांना बीपीची गोळी चालू आहे. जाणकारांनी सांगावं.

बाराखडी:
गुलाबाला फळ येतं हेच आज कळलं. आमच्या गॅलरीतल्या गुलाबाला माव्याशिवाय काही येत नाही.

शंकासूर:
आली का नवी संजीवनी? नोनी झाली, गव्हांकुर झाले, चिया झालं, आता हे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्टुटगार्टची_माई:
शंकासूर, हे नवं नाही हो. इथे जर्मनीत आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. फूल गळल्यावर खाली जी लाल लांबट बोंडं राहतात ती ही फळं. रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर सप्टेंबरपासून दिसतात आणि पहिला गारठा पडला की मऊ होतात.

आमच्या श्वाबेनमध्ये त्याचा घट्ट मुरंबा करतात, त्याला हेगेनमार्क म्हणतात. शेजारच्या फ्रँकन भागात तोच हिफेनमार्क, आणि कार्निव्हलच्या दिवसांत तिकडच्या क्रापफेनमध्ये, म्हणजे तळलेल्या गोल पावात, तो भरतात. चव चिंचेसारखी टोकदार नाही, जर्दाळूच्या अंगाने जाणारी आंबटगोड.

पण साफ करायचं काम नको रे बाबा! बोंड उभं चिरलं की आत दहा-वीस टणक बिया आणि त्यांच्या भोवती बारीक, सोनेरी, ताठ केस. हे केस बोटात शिरले की दिवसभर खाज. शाळेतली पोरं एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकतात. म्हणून मी हातमोजे घालून छोट्या चमच्याने आतलं सगळं खरवडते, दोन-तीन पाण्यांत धुते, मगच शिजवते आणि शेवटी बारीक जाळीच्या चाळणीतून गर काढते. कोणी हौसेने झाडावरचं तोडून थेट तोंडात टाकलं तर घसा आणि पुढचा सगळा मार्ग बोंबलतो. बाजारच्या पावडरीत केस नीट काढलेले असले पाहिजेत, ते पाकीट घेतानाच बघा.

चहाचंही सांगते. हागेबुटन-टे म्हणून जो लालभडक चहा इथे वसतिगृहांत आणि दवाखान्यांत मिळतो, त्याचा रंग आणि आंबटपणा बहुतेक वेळा जास्वंदकुळातल्या लाल बोंडांमुळे असतो. म्हणजे आपली लाल अंबाडी! विदर्भात त्याच बोंडांची चटणी आणि सरबत करतात. नुसत्या रोझहिपचा चहा फिकट नारिंगी होतो. तेव्हा लाल चहा पिऊन गुडघ्याला गुण आलाच, तर श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवावं लागेल.

बाराखडी:
अंबाडीची बोंडं! माझी आजी ऐकून खूश होईल. युरोपात जाऊन तिची चटणी हर्बल टी झाली.

गोळीबार_मैदान:
अबोलीताई, मी फार्मसी शिकवतो. तुमच्याकडे आलेल्या दोन वस्तू सर्वस्वी वेगळ्या आहेत, म्हणून दोन्हींचा वेगवेगळा विचार करू.

आधी गोळ्यांची बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. अशा बहुतेक बाटल्यांवर ॲस्कॉर्बिक ॲसिड ५०० किंवा १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि रोझहिप पावडर जेमतेम काही मिलिग्रॅम, समजा २५. म्हणजे ती कारखान्यात बनलेल्या व्हिटॅमिन सीची गोळी आहे, रोझहिप नावापुरतं. रेणू तोच असल्यामुळे कारखान्याचं सी वाईट असं नाही. पण ज्या अभ्यासांच्या जोरावर 'सांध्यांसाठी रोझहिप' असं म्हणतात, त्या अभ्यासांशी या गोळीचा काही संबंध नाही.

ते अभ्यास झाले मुख्यतः डेन्मार्कमध्ये. रानगुलाबाची (रोझा कॅनिना) फळं बियांसकट कमी तापमानावर वाळवून केलेली पावडर त्यात वापरली होती आणि डोस होता दिवसाला ५ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमची कॅप्सूल धरली तर सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दुकानात मिळणारी कॅप्सूल साधारण ५०० मिग्रॅची असते आणि डबीवर 'रोज एक' लिहिलेलं असतं. म्हणजे अभ्यासातल्या डोसचा दहावा हिस्सा.

२००८ साली अशा तीन चाचण्या एकत्र करून विश्लेषण झालं. एकूण २८७ रुग्ण, बहुतेकांना गुडघा किंवा खुब्याची झीज, कालावधी साधारण तीन महिने. निष्कर्ष असा की प्लासिबोच्या (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) तुलनेत दुखणं थोडं कमी झालं आणि वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या. परिणामाचा आकार ०.३७. आमच्या भाषेत 'लहान ते मध्यम'. जिने चढताना सुटकेचा श्वास सोडावा इतका नाही, पण शून्यही नाही.

यात व्हिटॅमिन सीचा वाटा नसावा. ५ ग्रॅम पावडरीत सी फार थोडं असतं, तेवढं पेरूच्या दोन फोडींतही मिळतं. संशोधकांचा रोख गोपो नावाच्या एका गॅलॅक्टोलिपिडवर, म्हणजे फळातल्या एका स्निग्ध घटकावर आहे. पांढऱ्या पेशी सुजेच्या जागी धाव घेतात ती धाव प्रयोगशाळेत त्याने मंदावते असं दिसलं. माणसाच्या गुडघ्यात नेमकं तेच घडतं का, हा पुढचा प्रश्न.

शंकासूर:
गोळीबार सर, माहिती चांगली. पण एक गोष्ट राहिली की मुद्दाम ठेवलीत? त्या तिन्ही चाचण्यांना पावडर बनवणाऱ्या कंपनीचाच आधार होता. शिवाय २८७ म्हणजे किती? आमच्या सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त पानं उठतात. आणि काही चाचण्यांत त्याच माणसांना आधी पावडर मग प्लासिबो, किंवा उलट, असं दिलं होतं. गुण हळूहळू येणार आणि हळूहळू जाणार असेल तर पहिल्या टप्प्याचा परिणाम दुसऱ्यात झिरपतो. मग कशाची कशाशी तुलना करायची?

गुडघेदुखीत तर प्लासिबोचाच हात मोठा. दुखणं आपोआप वरखाली होतं. दुखणं जोरात असतानाच माणूस नवी वस्तू सुरू करतो, आणि मग ते ओसरलं की श्रेय त्या वस्तूला.

गोळीबार_मैदान:
सगळं मान्य. म्हणूनच 'थोडा गुण असू शकतो' यापुढे मी जात नाही. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी समितीनेही रोझहिपच्या पारंपरिक उपयोगांना मान्यता दिली नव्हती. मात्र त्यांनी निकाल दिला तो या डॅनिश चाचण्या येण्याआधी.

गवती_चहा:
माझ्या बहिणीला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. रूमॅटॉइड. तिला चालेल का?

गोळीबार_मैदान:
२०१० मध्ये रूमॅटॉइडच्या ८९ रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी आली होती, तीच ५ ग्रॅम पावडर. रोजच्या हालचालींत माफक सुधारणा दिसली. पण त्यांची नेहमीची औषधं चालूच होती, हे पुन्हा पुन्हा सांगतो. बहिणीला मेथोट्रेक्सेट वगैरे चालू असेल तर पावडरीच्या भरवशावर ते एक दिवसही सोडायचं नाही. या आजारात सांधा एकदा वाकडा झाला की मागे येत नाही. पावडर सुरू करायची तर तिच्या डॉक्टरांना सांगून.

गवती_चहा:
धन्यवाद सर. तिला नेमकं हेच सांगायला कोणीतरी हवं होतं.

रानवाटा:
मी वैद्य आहे. आमच्याकडे गुलाबाचं फूल वापरतात, शतपत्री म्हणून, गुलकंद म्हणून. फळाची परंपरा युरोपातली, त्यामुळे 'आयुर्वेदिक रोझहिप' असं लेबल कुठे दिसलं तर दोनदा विचार करा. व्हिटॅमिन सीच हवं असेल तर आवळा दारात आहे, स्वीडनहून पार्सल कशाला?

गुडघ्यांचं म्हणाल तर कोमट तिळतेल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. पण या वयात नवीन काही सुरू करताना आधीच्या गोळ्यांची यादी बघितल्याशिवाय मी माझंही औषध देत नाही.

स्टुटगार्टची_माई:
वैद्यबुवा, आवळा दारात आहे तो तुमच्या! इथे जानेवारीत दारात बर्फ आणि आडवा आलेला शेजाऱ्याचा कुत्रा असतो.

उत्तर युरोपात लोक या फळामागे का लागले ते सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला संत्री मिळेनाशी झाली. मग लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी रानफळांत सी किती ते तपासलं आणि रोझहिप फार वर निघालं, त्यातही उत्तरेकडची फळं सरस. १९४१ पासून सरकारने शाळांतली मुलं, स्काउट, बायकांची मंडळं अशा सगळ्यांना गोळा करायला लावलं. शेकडो टन फळं जमली. त्याचं सिरप करून लहान मुलांना चमच्याने देत. म्हणजे ती टंचाईतली सोय होती. पुढे हेच गोड सिरप बाळांच्या चोखणीला लावून द्यायची पद्धत पडली आणि दुधाचे दात किडले म्हणून दंतवैद्यांनी ओरड केली.

बाराखडी:
बाळाच्या चोखणीला सिरप! आणि आपण समजायचो अशा आयडिया फक्त आपल्याकडच्या आज्यांना सुचतात.

गोळीबार_मैदान:
माईंच्या प्रतिसादाला पुरवणी. ताज्या फळात १०० ग्रॅमला ४०० मिग्रॅपासून हजाराच्या वरही सी सापडतं. जात, जागा आणि पिकण्याची वेळ याप्रमाणे प्रचंड फरक. पण वाळवलं, उकळलं, वर्षभर फडताळात ठेवलं की ते झपाट्याने घटतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तर आणखी लवकर. त्यामुळे 'संत्र्याच्या वीसपट' हे वाक्य ताज्या फळाबद्दल खरं असू शकतं, तुमच्या हातातल्या चहाच्या पिशवीबद्दल नाही. भारतीय प्रौढाची रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिग्रॅ. एक मध्यम पेरू खाल्ला की काम झालं.

मीठभाकर:
रोझहिप ऑइल पण याच्याचकडून का? माझी मुलगी चेहऱ्याला लावते. त्यात व्हिटॅमिन सी असतं म्हणून बाटली चौदाशे रुपयांना.

गोळीबार_मैदान:
तेल बियांचं, बरंचसं चिलीहून येतं. त्वचेला मऊपणा देतं, लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लं भरपूर. पण व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, तेलात नाही. दाबून काढलेल्या शुद्ध तेलात ते सापडणार नाही. तेल प्यायचं नाही आणि गुडघ्याला चोळून संधिवात जात नाही. चोळायचंच असेल तर रानवाटांचं तिळतेल स्वस्त पडेल.

अबोली_के:
मंडळी, खूप आभार. बाटली वाचली. अगदी तसंच निघालं, ॲस्कॉर्बिक ॲसिड १००० मिग्रॅ आणि रोझहिप २५. शिवाय "दिवसातून दोन गोळ्या" असं लिहिलंय. आणखी एक, आता नवऱ्याने आठवण करून दिली: सासूबाईंना काही वर्षांपूर्वी मूतखडा झाला होता. हे महत्त्वाचं आहे का?

गोळीबार_मैदान:
फारच महत्त्वाचं. गोळ्या आजच बाजूला ठेवा. जास्तीच्या व्हिटॅमिन सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊन लघवीत येतो आणि बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं होतं. दिवसाला २००० मिग्रॅ ही निरोगी प्रौढाचीही वरची मर्यादा मानतात. दोन गोळ्यांत ती गाठली गेली, वर पावडर आणि जेवणातलं वेगळं.

आणखी कोणी जपायचं ते इथेच सांगून टाकतो, कारण हा धागा उद्या कोणीतरी शोधून वाचणार.

शरीरात लोह जास्त साठण्याचा आजार असलेल्यांनी सीचे मोठे डोस टाळावेत, सी लोह जास्त शोषून घ्यायला लावतं. थॅलसेमियाच्या रुग्णांनी तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बाटली उघडूच नये. जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असेल तर मोठ्या डोसने रक्तपेशी फुटू शकतात. आपल्याकडे पारशी कुटुंबांत आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं औषध आणि सी एकत्र नको, ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं. मधुमेहींनी लक्षात ठेवावं की सी खूप घेतलं असेल तर काही ग्लुकोमीटर खोटी वाढीव साखर दाखवतात. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर कोणतीही वनस्पती-पावडर डॉक्टरांना न सांगता सुरू करायची नाही.

हे बहुतेक सीच्या मोठ्या डोसबद्दल आहे. ५ ग्रॅम पावडरीचे त्रास चाचण्यांत किरकोळ निघाले: पोट बिघडणं, जळजळ, सैल शौच. गुलाबकुळातल्या सफरचंद-पीच अशा फळांची ॲलर्जी असेल तर जपून. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांनी मुरंबा-चहा खाण्यापुरता घ्यावा, औषधी डोस नको, कारण तपासणीच झालेली नाही.

शंकासूर:
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा. बाकी माझी भूमिका तीच. पण सर, एका प्रतिसादात एवढं लिहून तुम्ही मला नाराज केलंत, आता भांडायला काही उरलं नाही.

खडकवाट:
अवांतर: लेहला जो नारिंगी रस बाटल्यांत विकतात तो रोझहिप नव्हे, तो सी-बकथॉर्न. दोन्ही झुडपं काटेरी, दोन्हींना सी भरपूर, म्हणून गल्लत होते. पण लडाख-लाहौलमध्ये रानगुलाबही आहे, रोझा वेबियाना. जून-जुलैत गुलाबी फुलांनी नाले भरलेले असतात. स्थानिक लोक त्याला सिया म्हणतात. नंतर लालभडक सुरईसारखी फळं येतात. कोणी तिकडे जाणार असेल तर फोटो काढा आणि फळं तिथेच राहू द्या, हिवाळ्यात पक्ष्यांना लागतात.

बाराखडी:
आमच्या गॅलरीतल्या गुलाबाला समजा कधी फळ धरलंच, तर खाऊ?

स्टुटगार्टची_माई:
नर्सरीच्या कलमी गुलाबांवर कीटकनाशकं मारलेली असतात, काही तर आतपर्यंत मुरणारी. शोभेच्या गुच्छात येणारी लाल बोंडंही तशीच. खायला ती नकोत. आणि युरोपात राहणाऱ्यांनी शरद ऋतूत दिसेल ते लाल फळ तोडू नये, इथे विषारी लाल फळंही भरपूर आहेत. रोझहिपला काटेरी फांदी, पाच किंवा सात पानांचं संयुक्त पान आणि फळाच्या टोकाला वाळक्या पाकळ्यांसारखा तुरा असतो. तिन्ही खुणा जुळल्या तरच हात लावा.

गवती_चहा:
सर, ती कोलेस्टेरॉलची बातमी पण फिरतेय. रोझहिपने कमी होतं म्हणे?

गोळीबार_मैदान:
२०१२ ला स्वीडनमधून एक छोटा अभ्यास आला होता, ३१ लठ्ठ माणसं, सहा आठवडे. वरचं बीपी ३.४ टक्के आणि वाईट कोलेस्टेरॉल सहा टक्के उतरलं. वजन तसंच राहिलं. पण डोस होता रोज ४० ग्रॅम! वाटीभर पावडर पेयात ढवळून पिणं. हे वाचून कोणी स्टॅटिन बंद करू नये.

मीठभाकर:
४० ग्रॅम म्हणजे आमच्याकडे पिठल्याला लागतं तेवढं बेसन.

अबोली_के:
शेवटचं विचारते. मग पावडर द्यायची की नाही? सासूबाई आता हट्टाला पेटल्यात, लेकीने पाठवलीय म्हणून.

गोळीबार_मैदान:
पावडरीत सी थोडं असल्यामुळे खड्याची भीती गोळ्यांइतकी नाही, पण खडा होऊन गेलाय म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, या वर्षात झाली नसेल तर तीही करून घ्या. त्यांनी होकार दिला तर ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले साधारण दोन छोटे चमचे. पण पावडर-पावडरीत फरक पडतो, म्हणून घरच्या काट्यावर एकदा तोलून चमच्याचं माप ठरवा. दह्यात किंवा कोमट पाण्यात, उकळायची नाही. पाणी भरपूर.

सुरू करायच्या आधी एका वहीत लिहून ठेवा: जिने चढताना दुखणं दहापैकी किती, आठवड्यात पॅरासिटामॉल किती लागल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तेच लिहा. आकडा हलला नसेल तर नणंदबाईंना पुढचं पार्सल नको म्हणून कळवा. व्यायाम मधे बंद करायचा नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

शंकासूर:
आणि त्या वहीतले आकडे सासूबाईंनी स्वतः नाही, सुनेने विचारून लिहावेत. लेकीच्या पार्सलला सासूबाई दहापैकी दहा देणार.

रानवाटा:
शंकासुराशी पहिल्यांदाच सहमत.

अबोली_के:
सुनेने विचारलं तर दहापैकी शून्य देतील. नवऱ्याला बसवते वही घेऊन. डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली आहे, गोळ्यांची बाटली आणि पावडरीचं पाकीट दोन्ही बरोबर नेते. पाकिटावर सगळं स्वीडिशमध्ये आहे, नणंदेकडून घटकांची यादी लिहून मागवलीय.